काळ्या वड्यांची भिंत

वसराम,

तू गेल्याचं मला दारव्ह्याच्या बाजारात कळलं. मी मिरच्या घेत उभा होतो. आपल्या जिनात सरकी काढायला कापूस आणणारा एक गाडीवान शेजारच्या माणसाला सांगत होता, "तो इंजिनजाळ्या खपला न बाप्पा. कावीळ झालती म्हनते."

"कोनता इंजिनजाळ्या?"

"अबे, तो तांड्यावरचा मिस्त्री. जिनाचं इंजिन नाही का जाळलं त्यानं! तोच."

"असं असं," तो दुसरा म्हणाला, आणि दोघं वांगी निवडायला लागले.

तुझं नाव त्यांच्या बोलण्यात एकदाही आलं नाही. पाच हंगाम तू ते इंजिन पोटच्या पोरासारखं सांभाळलंस, आणि लोकांनी तुला ओळखलं ते एका दुपारवरून. ती दुपार तुझी नव्हती, माझी होती. हे जगात दोघांनाच पक्कं माहीत होतं आणि त्यातला एक आता गेला. मी मिरच्यांची पिशवी घेऊन त्या दोघांच्या मागे उभा राहिलो. पुढे होऊन एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. न बोलण्याची मला सहा वर्षांची सवय आहे.

म्हणून आता तुझ्याशी बोलतो. तुला ऐकू येत नाही म्हणून धीर होतोय, हेही कबूल करतो.

जिनात मला सगळे बाबूजी म्हणत, मॅनेजर समजत. होतो मी कारकूनच. आमच्या घरात तीन पिढ्या लेखणी चालली, कचेरीत नाहीतर कोर्टात. तुझ्या घरात बैल चालले. "माहा आजा बैलावर मीठ लादून मुलूख हिंडे," तू सांगायचास. "मी एका जागी उभा राहून सरकीचे चोवीस चरखे हाकतो. सांगा, पुढं कोन गेलं?" तू माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तरी मी तुला तू म्हणायचो आणि तू मला तुम्ही. हे तेव्हा कुणालाच खटकलं नाही, मला तर नाहीच.

ते डिझेल इंजिन शेठजींनी मुंबईहून जुनं विकत आणलं तेव्हा नवे पैसे नुकतेच चालू झाले होते. त्याच्या अंगाला एक घंटेसारखं लोखंडी भांडं बसवलेलं होतं. बाकीच्या मिस्त्र्यांनी ते बघून सोडून दिलं. तू दोन दिवस त्याच्यापुढे उकिडवा बसलास. मग मला बोलावून समजावलंस. आत एक वाटी आहे. इंजिनाचंच तेल जोरात त्या वाटीत शिरतं आणि वाटी गरगर फिरते, इतकी की डोळ्याला उभी दिसावी. तेलातली काजळी, लोखंडाचा कीस, जे काही जड आहे ते वाटीच्या भिंतीला जाऊन चिकटतं, आणि स्वच्छ तेल खाली परत इंजिनात उतरतं. "यात्रेतल्या पाळन्यात बसले का कधी बाबूजी? मानूस कसा भाईर फेकल्यावानी होते? तसंच."

त्याला तू भवरा म्हणालास. पुढे सगळं जिन भवराच म्हणायला लागलं.

दर सोमवारी सकाळी दोन तास इंजिन बंद. तेवढाच काय तो हंगामातला विसावा, नाहीतर दिवसपाळी-रात्रपाळी सलग. इंजिन थांबलं की तू हात वर करायचास, म्हणजे कुणी बोलायचं नाही. सगळं शांत झाल्यावर त्या भांड्यातून बारीक गुणगुण ऐकू यायची. इंजिन मेलं तरी आतला भवरा एकटाच फिरत असायचा, दीड-दोन मिनिटं, हळूहळू उतरत. पूर्ण वेळ गुणगुणला तर ठीक. लवकर गप्प झाला तर वाटी भरली. मला ते आधी ऐकूच येत नव्हतं. तू माझी मान धरून कान त्या भांड्याजवळ नेलास. "आता?" मी हो म्हणालो. तुझा चेहरा असा उजळला, जसं काही मी तुझ्या लेकराचं कौतुक केलं होतं. मला यंत्र ऐकायला तू शिकवलंस. आजही जिनात शिरताना आधी कान जातो, मग डोळे.

मग वाटी उघडायची. आत काळी, घट्ट गाद. लाकडी पट्टीने ती तू अलगद सोडवायचास, तळहातावर थापून वडी करायचास आणि इंजिनघराच्या मागच्या भिंतीवर चिकटवायचास. तुझ्या बायकोच्या, सक्रीबाईच्या गोवऱ्यांसारखी. एका सोमवारची एक वडी, डावीकडून उजवीकडे, हंगामाची एक रांग. तुला लिहिता येत नव्हतं. वडी जाड की पातळ, भुरभुरीत की चिकट, तीत पांढरी चमक आहे का, हे बघून तू इंजिनाचा मागचा सगळा इतिहास वाचायचास. "हे पाहा, इथं नवं तेल टाकलं. इथं डिझल खराब आलतं. इथं मी आजारी होतो, दुसऱ्यानं साफ केलं. पाहा कसं माकडावानी चिपकवलं." मी हसायचो. ऑफिसात माझ्याकडे एक वही होती. तू येऊन सांगायचास, मी लिहायचो, "भवरा साफ केला", आणि खाली तुझा अंगठा. माझी वही आणि तुझी भिंत. खरी वही कोणती होती ते आपल्याला दोघांनाही ठाऊक होतं.

एकदा तू मला वाटी साफ करायला लावलीस. कोपरापर्यंत काळा झालो. तू घासलेटचं फडकं देत म्हणालास, "घरी गेले का वयनीले सांगा, आज पह्यल्यांदा काम करून आलो." त्या सकाळी मला जेवढं हलकं वाटलं तेवढं आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही.

आपलं एक भांडण मात्र कधीच मिटलं नाही. इंजिनाबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती, ती मी वाचली होती. अमुक तासांनी तेल बदला, असं तिच्यात छापलेलं होतं. तू ऐकायचा नाहीस. "कोनी," तू म्हणायचास. नाही म्हणायचं असलं की तुझ्या तांड्याची बोली बाहेर यायची. "तेल मरत नाही बाबूजी. तेल मळते. मळ काढत राहा, तेल जिवंत."

"मग पुस्तकवाले गाढव आहेत का?"

"पुस्तकवाले तेल इकतात."

मी म्हणायचो, तेल उष्णतेने पातळ होतं, आंबट होतं, त्यातला जीव जातो. तू बोटांत थेंब घेऊन चोळायचास आणि म्हणायचास, हाय जीव. दुपारच्या चहाला हा वाद ठरलेला. कोण बरोबर होतं मला अजून माहीत नाही. बहुतेक थोडे थोडे दोघंही. पण त्या वादातलंच तुझं एक वाक्य मी उचललं आणि तुझ्यावरच फिरवलं. ते सांगायला इतकं लिहितोय.

नवं महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीच्या हंगामात कापूस सरत नव्हता. गंज्या आवारात मावेनात, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. त्यात पौषात आभाळ आलं. उघड्यावरचा कापूस भिजला असता तर पिवळा पडला असता. शेठजींचं पत्र आलं, काही झालं तरी इंजिन थांबता कामा नये. सोमवारी तू नेहमीप्रमाणे आलास. मी म्हणालो, आज नको, आभाळ बघ. तू गेलास. दुसऱ्या सोमवारी आलास. मी तेच म्हणालो. तिसऱ्या सोमवारी तू माझ्या टेबलावरचा टीपकागद मागून नेलास आणि त्यावर तेलाचा थेंब टाकून घेऊन आलास. चांगल्या तेलाचा थेंब कागदावर पसरतो, भोवती फिकट कडं धरतो. हा थेंब मधेच काळाकुट्ट गोळा होऊन बसला होता.

"पाहा जी. पसरतच नाही. वाटी भरली आता, काई पकडून नाही राह्यली. सारा मळ बेअरिंगात चालला. एक तास द्या. दोन नोका देऊ."

आणि मी म्हणालो, "तूच म्हणतोस ना, तेल मरत नाही? मग कशाला घाबरतोस?"

मी हसलो. वाद जिंकल्यासारखा हसलो, वसराम. तू म्हणालास, "मळ काढला तर, असं म्हटलं होतं मी." आणि गेलास. तो कागद मी खणात टाकला.

चौथ्या सोमवारी तू आलास तेव्हा मी वर पाहिलंसुद्धा नाही. नुसता हात हलवला.

गुरुवारी दुपारी इंजिनाने आधी एक ठोका चुकवला. मी ऑफिसात ऐकला, तूच शिकवलेल्या कानांनी. उठेपर्यंत मोठा आवाज झाला. बेअरिंगचा पांढरा धातू वितळला होता आणि दांडा मोडून बाजूचं झाकण फोडून बाहेर आला होता. तू डिझेल बंद करायला धावलास, तेव्हा उकळतं तेल तुझ्या उजव्या हातावर आलं, कोपरापासून बोटांपर्यंत. चोवीस चरखे एकदम थांबले. चरख्यांवरच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. हंगाम तिथेच संपला. त्या बायांचाही.

तुला यवतमाळला दवाखान्यात नेलं. शेठजींनी नागपूरहून इंजिनिअर बोलावल्याची तार आली. मी इंजिनघरात गेलो आणि पहिल्यांदा त्या वर्षीची रांग नीट पाहिली. शेवटच्या वडीनंतर भिंत रिकामी नव्हती. तिथे तळहाताचे चार ठसे होते. काळ्या तेलात बुडवून उमटवलेले, एकापुढे एक, वड्यांच्याच रांगेत. ज्या सोमवारी मी तुला परत पाठवलं, त्या प्रत्येक सोमवारचा एक. तू आला होतास, तू विचारलं होतंस, हे तू तुझ्या वहीत लिहून ठेवलं होतंस.

माझ्या वहीत त्या चार आठवड्यांची जागा कोरी होती.

दिवाळीचा चुना शिल्लक होता. मी दोन मजूर बोलावले, खुरप्याने वड्या खरवडून काढायला लावल्या आणि भिंत पांढरी करून घेतली. कारण विचारलं असतं तर सांगणार होतो की पाहुणा येतोय. कुणी विचारलं नाही. खणातला टीपकागद चुलीत घातला. इंजिनिअर आले. त्यांनी वाटी उघडली, ती कडेपर्यंत भरलेली होती. त्यांनी विचारलं, "हे साफ करणं कोणाचं काम?" मी म्हणालो, मिस्त्रीचं. "चार आठवडे का झालं नाही?" मी वही पुढे केली आणि म्हणालो, "त्याने येऊन सांगितलं की मी लिहितो. त्याने सांगितलं नाही." यातला एकही शब्द खोटा नव्हता. माझ्या वडिलांनी मला अशीच वाक्यं लिहायला शिकवलं होतं.

तू हाताला पट्ट्या बांधून परत आलास, तेव्हा तुला काढायचा निकाल लागला होता. तू ऑफिसात आला नाहीस, आधी इंजिनघरात गेलास. मी मागून आलो. तू भिंतीपुढे उभा होतास. मग मान न वळवता म्हणालास, "भिंत चांगली दिसून राह्यली, बाबूजी."

तेवढंच. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी शेठजींकडे गेलो असतो, असं मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलंय. ते खरं नाही. तरीही गेलो नसतो. मुलीचं लग्न ठरत होतं, नोकरी जायची भीती होती. तुझ्याही घरात माणसं होतीच.

चुना तेलावर धरत नाही, हे मला माहीत नव्हतं. तुला असणार. पहिल्याच पावसाळ्यात ओल धरली आणि ते चार हात पिवळे होऊन वर आले. दिवाळीला मी पुन्हा चुना मारला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आले. सहा दिवाळ्या मी ती भिंत पांढरी करतोय. नवा मिस्त्री म्हणतो, "बाबूजी, या एका भिंतीचा तुमाले लयच सोस."

तुला दारव्ह्यात कुणी इंजिनाला हात लावू दिला नाही. दिग्रस, पुसद, सगळीकडे तुझ्याआधी इंजिनजाळ्या हे नाव पोचलेलं असायचं. शेवटी महागावकडे एका मळ्यात पाण्याच्या पंपावर राहिलास. एकदा तू मला एसटीच्या थांब्यावर भेटलास. डाव्या हातात डिझेलचा डबा, उजवा हात सदऱ्याच्या बाहीत.

"कसं चाललंय, मिस्त्री?"

"बरं हाय जी. पाच घोड्याचं इंजिन हाय. त्याले भवरा नाही. तेल फडक्यातून गाळून घेतो." मग डबा खाली ठेवून, "आपलं कसं हाय? नवं बेअरिंग बसलं का नीट?"

आपलं म्हणालास. मी म्हणालो, ठीक आहे. मला त्या क्षणी सगळं बोलता आलं असतं. थांब्यावर तिसरं कुणी नव्हतं. पण एसटी आली, आणि ती आली म्हणून मला केवढं बरं वाटलं, ते अजून विसरलो नाही.

बाजारातून आल्यावर दोन दिवस मी जेवलो नाही, मग तुझ्या तांड्यावर गेलो. तांड्याचे प्रमुख, नायक, होते, चार म्हातारे होते, सक्रीबाई दाराशी बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. सोमवार, टीपकागद, चुना, वही. संपल्यावर नायक सक्रीबाईंकडे पाहायला लागले. त्या म्हणाल्या, "हे आमाले कायले सांगता? इथं कोन म्हनते त्याले इंजिनजाळ्या? जिथं म्हनते, तिथं सांगा."

"त्याने तुम्हाला काही सांगितलं होतं?"

"तो म्हने, बाबूजी वाईट नाही, भेकड हाय." त्यांनी पदर सावरला. "मले तर दोन्ही सारखंच दिसते."

दसऱ्याला जिनात इंजिनाची पूजा होते, तुला माहीत आहे. इंजिनाला झेंडूचा हार, पान्यांना हळदकुंकू, शेठजी स्वतः येतात, गाडीवान, मजूर, चरख्यावरच्या बाया, सगळे जमतात. या वर्षी नारळ फोडायच्या आधी मी पुढे झालो. मी म्हणालो, "सहा वर्षांपूर्वी हे इंजिन वसराम मिस्त्रीने जाळलं नाही. तो चार वेळा साफ करायची परवानगी मागायला आला, मी चारही वेळा नाही म्हटलं, आणि मग पुरावा पुसला. इंजिन मी जाळलं." ठरवलेलं एवढंच होतं. शेठजींनी घड्याळ पाहिलं. ते म्हणाले, "बाबूजी, सणाच्या दिवशी काय हे. चला, नारळ फोडा." नारळ फुटला. खोबरं वाटलं गेलं. माझी नोकरी गेली नाही. सहा वर्षं ज्याची भीती धरून तुझा बळी दिला, तेवढंही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तांड्यावर गेलो. सक्रीबाई ज्वारी निवडत होत्या. "सांगितलं," म्हणालो, "सगळ्यांसमोर."

"मंग? काय म्हनले लोक?"

"कोणी काही म्हणालं नाही."

त्यांचा हात सुपात थांबला. "त्याले काढलं तवा तर सारे बोलले होते."

त्यांना मी उत्तर दिलं नाही. तुला देतो, वसराम. हे मी तांड्यावर सांगितलं नाही, जिनातही नाही. तुला काढलं त्या दिवशी फाटकाशी गाडीवान जमले होते आणि कुणीच बोलत नव्हतं. तू पट्ट्या बांधलेला हात छातीशी धरून रस्त्याने चालला होतास. त्यांतल्या एका नवख्याने मला विचारलं, "कोन हो तो, बाबूजी?" मला सगळ्यांना हसवायचं होतं, म्हणजे माझ्याकडे कुणी नीट बघणार नाही. मी म्हणालो, "तो? तो इंजिनजाळ्या."

ते हसले. तू थोडा थांबलास, मागे न पाहता, आणि मग चालू लागलास.